मंगळवार, रात्री साडेनऊ

हे पुस्तक आठ भागांच्या एका टीव्ही कार्यक्रमाबद्दल आहे आणि त्यातला आठवा भाग वाहिनीने त्या वेळी दाखवलाच नाही. १२ मार्च १९९६ रोजी, मंगळवारी रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ‘द डेना कार्व्ही शो’ सुरू झाला आणि एप्रिल संपता संपता त्याचा गाशा गुंडाळला गेला. पुरते दोन महिनेही नाहीत. आपल्याकडच्या मालिकेत एखादं लग्नसुद्धा यापेक्षा जास्त दिवस चालतं. एवढ्याशा कारकिर्दीवर सबंध पुस्तक कशाला, असं वाचक विचारणार, आणि त्यांनी ते विचारावंच.

सोपं उत्तर म्हणजे नावांची यादी. या कार्यक्रमात लिहिणाऱ्या आणि पडेल ती भूमिका करणाऱ्या तरुणांपैकी एक होता स्टीव्ह करेल, ज्याला पुढे ‘द ऑफिस’मुळे जग ओळखू लागलं. दुसरा स्टीफन कोल्बेर, जो २०१५ साली रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात डेव्हिड लेटरमनच्या खुर्चीवर जाऊन बसला. दोघेही शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ या नाट्यसंस्थेतून आलेले, आणि तिथे कोल्बेर हा करेलचा बदली नट होता. लेखकांच्या खोलीत चार्ली कॉफमन होता. त्याला ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’च्या पटकथेसाठी पुढे ऑस्कर मिळालं. ‘थर्टी रॉक’ या मालिकेची धुरा टीना फेबरोबर वाहणारा रॉबर्ट कार्लॉक होता. प्रमुख लेखक होता लुई सी. के. (त्याचं नाव घ्यायचं तर हेही सांगायला हवं, की काही स्त्रियांनी त्याच्यावर केलेले लैंगिक गैरवर्तनाचे आरोप खरे असल्याचं त्याने २०१७ साली स्वतःच कबूल केलं. पुस्तकात त्याचं काम येतं ते काम म्हणून. त्याच्या वर्तनावर पांघरूण घातलेलं नाही.)

पण या यादीवर मी पुस्तक लिहिलं नसतं. पुढे मोठी झालेली माणसं एके काळी एका खोलीत बसून डबा खात होती, एवढ्यावरून त्या खोलीत लिहिलं गेलेलं चांगलं ठरत नाही. उलट प्रश्न जास्त अवघड होतो. एवढी माणसं हाताशी असताना कार्यक्रम पडला कसा? मराठी वाहिन्यांसाठी स्किटं लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. चाललेल्या कार्यक्रमाची हकिगत सांगताना जो तो आपलं श्रेय पुढे सरकवतो, हे मी जवळून पाहिलं आहे. पडलेल्या कार्यक्रमाचं तसं नसतं. तिथे प्रत्येक जण कारण शोधत असतो, आणि कारण शोधता शोधता माणसं कामातल्या बारीकसारीक गोष्टी बोलून जातात: कुठलं स्किट आधी लावलं, कुणी हरकत घेतली, कुठली ओळ कापली. मला हवं होतं ते हेच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. एबीसीने एक कार्यक्रम विकत घेतला आणि करणाऱ्यांनी भलताच कार्यक्रम बनवला. करार एकच होता, त्यात कुणी कुणाला फसवलंही नाही. दोन्ही बाजूंनी मात्र आपल्याला सोयीचं तेवढंच ऐकलं.

एबीसीने काय घेतलं ते आधी पाहू. डेना कार्व्ही १९८६ ते १९९३ ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या स्किटांच्या कार्यक्रमात होता. चेहरा लहान मुलासारखा आणि आवाज कुणाचाही. ‘चर्च लेडी’ ही त्याची सोवळी, नाक मुरडणारी बाई अमेरिकेच्या घराघरांत ठाऊक होती. ‘वेन्स वर्ल्ड’ चित्रपटातला चष्मेवाला गार्थही तोच. पण त्याची खरी कमाई म्हणजे थोरल्या जॉर्ज बुश यांची नक्कल. ती इतकी लोकप्रिय झाली, की १९९२ची निवडणूक हरल्यावर खुद्द बुश यांनी, खट्टू झालेल्या आपल्या कर्मचाऱ्यांना हसवायला त्याला व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. ज्याची टवाळी केली त्याच्याच घरी पाहुणा म्हणून जाणारा विनोदवीर! वाहिनीच्या अधिकाऱ्याला याहून सुरक्षित माल कुठला मिळणार? नक्कल करणार, पण ओरखडा काढणार नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळे बघणार. त्यांनी हा चेहरा घेतला.

कार्व्हीने सोबत घेतला रॉबर्ट स्मायगल. स्मायगल ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चा जुना लेखक आणि कोनन ओब्रायनच्या मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमाचा पहिला प्रमुख लेखक. लुई सी. के.ही तिथलाच. या मंडळींचे कान रात्री साडेबाराच्या प्रेक्षकाला लागलेले होते. तो प्रेक्षक एकटा असतो, बहुधा तरुण असतो, शेजारी सासूबाई बसलेल्या नसतात, आणि काहीतरी विचित्र दिसलं तर ‘हे काय आता?’ म्हणून तो पुढे सरसावतो. रात्री साडेनऊचा प्रेक्षक तेच वाक्य रिमोट हातात घेऊन म्हणतो.

इथे ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ कसं बनतं ते थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांना त्याचं कुतूहल असतं आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सोमवारी लेखक-नट त्या आठवड्याच्या पाहुण्या सूत्रसंचालकासमोर कल्पना मांडतात. मंगळवारची रात्र लिहिण्यात जाते, बऱ्याचदा पहाट होते. बुधवारी टेबलाभोवती बसून डझनावारी स्किटं वाचली जातात आणि त्यांतली मोजकीच उरतात. गुरुवार-शुक्रवार तालमी. शनिवारी संध्याकाळी खऱ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, तीही गरजेपेक्षा जास्त स्किटं घेऊन. हशा कुठे आला, कुठे नाही ते पाहून निर्माता लॉर्न मायकल्स उरलेल्या थोड्या वेळात काटछाट करतो आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण सुरू होतं. नव्वद मिनिटांचा मामला. ज्या स्किटवर कुणाचाच भरवसा नसतो पण लेखकाचा जीव असतो, ते शेवटी, पाऊणएकच्या सुमाराला ढकलून देतात. तिथे काहीही खपतं. अमेरिकन विनोदातले कितीतरी विक्षिप्त प्रकार त्या पाऊणएकच्या कोपऱ्यात वाढले.

कार्व्ही शोला असा कोपराच नव्हता. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की हातात उरतात बावीसेक मिनिटं, म्हणजे पाच-सहा स्किटं. एक फसलं तर भागाचा मोठा तुकडा गेला. त्यात कथानक नाही, दर आठवड्याला भेटणारं कुटुंब नाही, ‘पुढे काय होणार’ ही ओढ नाही. मालिकेचा प्रेक्षक एखादा भाग पडला तरी माणसांच्या मायेने परत येतो. स्किटच्या कार्यक्रमाला दर चार मिनिटांनी नव्याने ओळख करून द्यावी लागते: हा कोण, ती कोण, यात गंमत कशात. आणि ही ओळख पटायला प्रेक्षकाला काही आठवडे लागतात, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे.

आता वेळ. मंगळवारी नऊला एबीसीवर ‘होम इम्प्रूव्हमेंट’ लागायचं. टिम ॲलनची कौटुंबिक मालिका: हातोडी-ड्रिलचं वेड असलेला बाप, समंजस बायको, तीन मुलगे. त्या काळातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिकांपैकी एक. तिच्या पाठीमागची जागा मिळणं म्हणजे लॉटरीच, कारण तो प्रचंड प्रेक्षक आयताच समोर बसलेला असतो. शिवाय एबीसी नुकतीच, म्हणजे फेब्रुवारी १९९६मध्ये, डिस्नेच्या ताब्यात आली होती. मिकी माउसचं घर, बापलेकांची मालिका आणि त्यामागे मध्यरात्रीचे लेखक. आज हे वाचताना आपण कपाळाला हात लावतो. तेव्हा मात्र सगळ्यांना आपलं भाग्य उजळल्यासारखं वाटत होतं.

मग आलं पहिलं स्किट. निवडणुकीचं वर्ष. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन झालेला कार्व्ही आपल्या कचेरीतून देशाला उद्देशून बोलतोय. आपण किती कनवाळू आहोत, जनतेची आई आणि बाप दोन्ही कसे आहोत, हे पटवताना तो शर्टाची बटणं सोडतो. आत दूध येणारे स्तनाग्र. तो बाळाला पाजतो. मग कुत्र्याची पिल्लं येतात, मांजराची पिल्लं येतात, आणि खरी, जिवंत पिल्लं राष्ट्राध्यक्षांच्या छातीला लुचत राहतात. दोन मिनिटांपूर्वी याच पडद्यावर एक बाप मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत होता. आया-बाप, पोरंटोरं अजून त्याच सोफ्यावर बसलेली. चॅनेल भराभर बदलले गेले. जे उठून गेले त्यांच्यातले बहुतेक परत आलेच नाहीत.

हे स्किट मी आजवर अनेकांना दाखवलं आहे. लिहिणारे हसतात, बाकीचे मान फिरवतात. राजकीय विनोद म्हणून ते वाईट नाही. क्लिंटन यांच्या ‘तुमचं दुःख मला कळतं’ छापाच्या राजकारणाला शारीरिक रूप दिलं तर ते कुठवर जाईल, एवढंच त्यात ताणून पाहिलं आहे. माझं भांडण जागेशी आहे. हेच स्किट पाचव्या आठवड्यात, भागाच्या शेवटी आलं असतं तर त्याची दंतकथा झाली असती. पहिल्या भागाचं पहिलं स्किट म्हणजे दारात उभं राहून प्रेक्षकाला दिलेलं वचन: आम्ही असे असे आहोत, आत येणार का? करणाऱ्यांनी ते जाणूनबुजून दिलं, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण नंतर ‘आम्हाला कुणी समजून घेतलं नाही’ अशी हळहळ व्यक्त करायचा हक्क त्यांनी त्याच मिनिटाला गमावला, असं माझं मत आहे. वाचकांपैकी पुष्कळांना ते पटणार नाही, याची कल्पना आहे.

दुसरा उद्योग प्रायोजकांचा. दर भागाचं नाव प्रायोजकावरून ठेवायचं, अशी कल्पना. पहिला भाग ‘द टॅको बेल डेना कार्व्ही शो’, मग ‘मग रूट बिअर’, ‘माउंटन ड्यू’ वगैरे. अमेरिकेत टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात हे सर्रास चालायचं. मिल्टन बर्लचा कार्यक्रम टेक्साको या तेलकंपनीच्या नावाने ओळखला जायचा. आपल्याला याचं नवल वाटायला नको. टूथपेस्टच्या नावाने गाण्यांचा कार्यक्रम ऐकत आपली एक अख्खी पिढी वाढली, आणि ‘बिनाका’ म्हटलं की त्या पिढीला आधी अमीन सयानी आठवतात, दात नंतर. कार्व्ही शोने या रिवाजाचं विडंबन केलं. नाच, गाणी, पदार्थांचे पोशाख घातलेली मंडळी, आणि पैशासाठी आम्ही कसे विकले गेलोय याची खुलेआम थट्टा. गंमत अशी, की थट्टा खोटी आणि पैसे खरे होते. टॅको बेल ही खाणावळींची साखळी तेव्हा पेप्सिको कंपनीच्या मालकीची होती. पहिला भाग पाहून टॅको बेलने अंग काढून घेतलं. स्वतःची टिंगल करून घ्यायला पैसे मोजणारा प्रायोजक सापडेलही, पण राष्ट्राध्यक्षाच्या छातीला लुचणाऱ्या पिल्लांशेजारी आपलं खाणं ठेवायला कोण तयार होईल? पुढचे भाग बराच काळ पेप्सिकोच्या शीतपेयांवर निघाले आणि नंतर तर न्यूयॉर्कमधल्या एका साध्या चिनी खाणावळीचं नाव कार्यक्रमाला लागलं. ही घसरगुंडी प्रेक्षकांना दर आठवड्याला शीर्षकातच दिसत होती. कार्यक्रमाने केलेला सगळ्यात मोठा विनोद हाच, आणि तो कुणी लिहिलेला नव्हता.

एवढं झाल्यावर चांगलं काय होतं तेही सांगायला हवं, कारण मी पुस्तक लिहायला बसलो तो त्याच्या ओढीने. एका स्किटपाशी थांबतो. करेल आणि कोल्बेर वेटर आहेत. नीटनेटके, अदबशीर, चांगल्या हॉटेलातले. गिऱ्हाइकांना आजचे खास पदार्थ सांगायला येतात. अडचण एकच: दोघांनाही अन्नाची शिसारी आहे. पदार्थाचं नाव घेतलं की पोटात ढवळून येतं. मासा म्हणताना एकाचा घसा दाटतो, सॉसचं वर्णन करताना दुसरा उमासा गिळतो, आणि तरी यादी पुरी करायची कारण नोकरी आहे. दोघे एकमेकांकडे बघत नाहीत. कुणीही हसत नाही. उलटी येण्याच्या आणि सौजन्य राखण्याच्या झटापटीत सौजन्य जेमतेम जिंकत राहतं. यात खटकेबाज वाक्य नाही, शाब्दिक कोटी नाही, शेवटी उलगडा करणारा पंच नाही. एक कल्पना घेतली आणि दोन नटांच्या घशावर सोडून दिली, बस्स.

याच जोडीचं आणखी एक: चांगलं चांगलं बोलणारे जर्मन. बोलणं सगळं गोड, आवाज मात्र परेडवर खेकसणाऱ्या शिपायाचा. वाचताना यात काही नाही असं वाटेल. स्किटचं असंच असतं. कागदावर ते नेहमीच गरीब दिसतं, आणि वाहिनीच्या बैठकीत ते वाचून दाखवायची वेळ येते तेव्हा लेखकाला आपल्या पोटापाण्याच्या निवडीबद्दल पश्चात्ताप होतो. स्मायगलचं ‘द अँबिग्युअसली गे ड्युओ’ हे कार्टूनही इथेच पहिल्यांदा दिसलं. त्यातल्या दोन महानायकांना आवाज करेल-कोल्बेर यांचेच. कार्यक्रम बंद पडल्यावर त्याच वर्षी ते ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये गेलं आणि तिथे वर्षानुवर्षं टिकलं. माल तोच, वेळ बदलली.

मराठी वाचकासाठी इथे एक फरक नोंदवतो. आपल्याला स्किट नवं नाही. तमाशातली बतावणी हे स्किटच, आणि सोंगाड्याने समोरच्या गर्दीचा कल पाहून त्यात भर घालणं हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ हे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालले, त्यामागे ही सवय आहेच. पण मांडणीही आहे. आपल्याकडे स्किट रंगमंचावर होतं, समोर पाहुणे किंवा परीक्षक बसलेले असतात, कॅमेरा अधूनमधून त्यांच्या हसण्यावर जातो. घरी बसलेल्या माणसाला कळतं की हे हसण्यासारखं आहे आणि हसायला हरकत नाही. फसलेल्या स्किटलाही ते चेहरे सांभाळून घेतात. लिहिणारे आम्ही या सोयीला नाकं मुरडतो. पण कार्व्ही शोकडे पाहिल्यावर तिची किंमत कळते. वेटरांच्या स्किटमध्ये प्रेक्षकाला हात धरून नेणारं कुणी नव्हतं.

थोडं आयुष्य मिळालं म्हणजे कार्यक्रम वाया गेला, असंही नाही. जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ १९८९ साली दूरदर्शनवर दहाच भाग चालला आणि सरकारी बिलं, पीएचडीचे मार्गदर्शक, कंत्राटदार यांची त्याने उडवलेली रेवडी लोकांना अजून आठवते. त्याने नावातच अपयश लावून घेतलं होतं, त्यामुळे कुणाची निराशा व्हायचा प्रश्नच नव्हता! अमेरिकेत ‘द बेन स्टिलर शो’ फॉक्सने १९९२-९३मध्ये बारा भाग दाखवून बंद केला आणि बंद केल्यावर त्याच्या लेखनाला एमी मिळालं. उलट कोनन ओब्रायनचा कार्यक्रम सुरुवातीला इतका डळमळीत होता, की एनबीसी त्याला थोड्या थोड्या आठवड्यांची मुदतवाढ देत होती. तो बंद पडायचा राहिला आणि त्या अवधीत त्याला स्वतःचा सूर सापडला. स्मायगल आणि मंडळी ते जवळून पाहून आली होती. मध्यरात्रीनंतरची जागा स्वस्त असते, तिथे वाट पाहणं परवडतं. मंगळवार साडेनऊची जागा महाग. तिथे एकेका मिनिटाचा हिशेब होतो. कार्व्ही शोला मिळालेली लॉटरी हीच त्याच्या मुळावर आली.

२००९ साली हा कार्यक्रम डीव्हीडीवर आला, न दाखवलेल्या आठव्या भागासकट. २०१७मध्ये हुलूवर जॉश ग्रीनबॉम यांचा ‘टू फनी टू फेल’ हा माहितीपट आला, ज्यात स्वतः मंडळींनी आपल्या पडण्याची कहाणी हसत हसत सांगितली आहे. माहितीपट सुरेख आहे. माझी तक्रार एवढीच, की त्याच्या नावातच निकाल देऊन टाकला आहे: हा कार्यक्रम इतका विनोदी होता की पडणं शक्यच नव्हतं. मला तसं वाटत नाही. आठही भाग सलग पाहिले तर निम्मी स्किटं आज ओढूनताणून केलेली वाटतात, काही ठिकाणी धक्का देण्याची हौस गमतीवर मात करते, आणि कार्व्ही स्वतः, ज्याच्या नावावर सगळा डोलारा उभा, तो पुष्कळदा आपल्याच कार्यक्रमात पाहुणा असल्यासारखा दिसतो. उरलेली निम्मी मात्र अव्वल आहेत. पहिल्या वर्षातल्या कुठल्याही स्किटच्या कार्यक्रमाची सरासरी यापेक्षा बरी नसते.

पुढच्या प्रकरणांत मी भागवार जाणार आहे. वाहिनीच्या बैठका, नटांची निवड, प्रायोजकांची पळापळ हे सगळं ओघात येईल. एकेका स्किटची चिरफाड जिथे लांबली आहे तिथे ज्यांना लिहिण्याच्या तंत्रात रस नाही त्यांनी पानं खुशाल उलटावीत. एक विनंती मात्र आहे. पुस्तक सुरू करण्याआधी जमेल तसा पहिला भाग मिळवून पाहा. आणि पाहताना लेखकाच्या बाजूने न बसता एबीसीच्या त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसा, ज्याने हा भाग ‘होम इम्प्रूव्हमेंट’ संपल्या संपल्या लावायला परवानगी दिली. तुम्ही क्लिंटनचं स्किट पहिलं ठेवू दिलं असतं का, ते एका कागदावर लिहून ठेवा, आणि मगच पहिलं प्रकरण उघडा.